टायर वाढला, क्राउन बदलला, मीटर मागे राहिला

चेलाडी फाट्याला हायवे सोडला की नसरापूर, आंबवणे, मार्गासनी, विंझर अशी गावे घेत रस्ता वेल्ह्याला जातो. मार्गासनीहून एक फाटा साखर-गुंजवण्याकडे, राजगडाच्या पायथ्याला वळतो. वेल्ह्याच्या डोक्यावर तोरणा उभा आहे, आणि तसेच पुढे केळदपर्यंत गेले की मढे घाटाचे तोंड लागते. शेजारच्या तालुक्यात कापूरहोळवरून भोर, आणि भोरहून नीरा-देवघरच्या पाण्याकडेने वरंध घाट उतरला की महाड. एसटी जिथे दिवसातून मोजक्या वेळा जाते, तिथली माणसे, दुधाची कॅन, खताची पोती आणि गडावर निघालेली पोरे वर्षानुवर्षे वडापच्या जीपने वाहिली. त्यामुळे भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांत जुनी जीप ही शोभेची वस्तू कधीच नव्हती. आता मात्र ती हळूहळू जपण्याची वस्तू होऊ लागली आहे. आजोबांनी चालवलेली उंच बॉनेटची सीजे-3बी किंवा वडिलांची एमएम 540 नातू नीट करून घेतो, रंगवतो, रविवारी चालवतो.

नीट करताना दोन गोष्टी हमखास बदलल्या जातात. पहिली टायर. मुळात या जीपला 6.00-16 मापाचे अरुंद टायर असत. चिखलात पकड हवी, गाडी थोडी उंच दिसावी, म्हणून त्या जागी 7.00-16 चे बटण टायर येतात किंवा रिम बदलून रुंद रेडियल येतात. दुसरी गोष्ट म्हणजे मागच्या-पुढच्या अ‍ॅक्सलमधले क्राउन-पिनियन. सीजे-3बीचे मूळ गुणोत्तर 5.38. इंजिनाकडून येणारा शाफ्ट 5.38 वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरते. शेतात, ओढ्यात, घाटात हे उत्तम. हायवेवर मात्र साठच्या पुढे इंजिन रडायला लागते. म्हणून 4.88, 4.27 किंवा त्याहून कमी गुणोत्तराचा जोड बसवतात. (फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचा आणि मागचा दोन्ही जोड एकाच गुणोत्तराचे हवेत. फक्त मागचा बदलून पुढचा तसाच ठेवला आणि कोरड्या रस्त्यावर फोर व्हील लावले, तर पुढची आणि मागची चाके एकमेकांशी झगडतात आणि काहीतरी मोडते. हे मीटरपेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे, म्हणून आधीच सांगितले.)

गाडी तयार होते, इंजिन गुळगुळीत चालते, सगळे खूश असतात. डॅशबोर्डवरचा तो गोल डबा मात्र अजून जुन्या टायरचा आणि जुन्या क्राउनचाच हिशेब करत असतो. काटा 50 वर असतो आणि जीप सत्तरच्या जवळ धावत असते.

ही बाब गंभीर आहे. वेल्ह्याहून पुण्याला येणारी जीप हायवेला लागते, कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडते आणि नवले पुलाच्या त्या लांब उताराला लागते. हा उतार अपघातांसाठी किती कुप्रसिद्ध आहे ते पुणेकरांना सांगायला नको. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक. अशा गाडीच्या चालकाला आपण पन्नासने चाललोय असे वाटणे आणि प्रत्यक्षात सत्तरने उतरणे यात ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतर जवळजवळ दुप्पट होते, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जीपच्या पत्र्याला महिनोन्महिने हात फिरवणारा माणूस मीटरकडे दुर्लक्ष करतो, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते.

आता त्या डब्यात काय आहे ते पाहू. त्यात दोन वेगळी यंत्रे एकाच केबलवर चालतात, आणि हे समजले की पुढचे सगळे सोपे होते.

पहिले यंत्र वेग दाखवते. केबलच्या टोकाला एक कायमचा लोहचुंबक फिरतो. त्याला न शिवता, केसभर अंतर ठेवून, अ‍ॅल्युमिनियमची एक वाटी बसवलेली असते आणि त्या वाटीच्या दांड्यावर काटा असतो. अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही. पण फिरत्या चुंबकामुळे त्यात भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि ते वाटीला चुंबकाच्या मागे ओढतात. वाटी फिरू पाहते, घड्याळात असते तशी एक बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. चुंबक जितका जोरात फिरेल तितकी ओढ जास्त, तितका काटा पुढे. स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्झे यांनी 1902 साली या रचनेचे पेटंट घेतले आणि इलेक्ट्रॉनिक मीटर येईपर्यंत जगभरातल्या गाड्या याच तत्त्वावर आपला वेग सांगत राहिल्या.

दुसरे यंत्र अंतर मोजते. गॅरेजमध्ये ज्याला ‘रनिंग’ म्हणतात तो आकडा, म्हणजे ओडोमीटर. यात चुंबक नाही, स्प्रिंग नाही; फक्त दाते आहेत. केबल ठरावीक वेळा फिरली की शेवटचा आकडा एक घर पुढे सरकतो. ही कल्पना फार जुनी. रोमन स्थापत्यकार विट्रूव्हियसने आपल्या ग्रंथात अशी गाडी वर्णन केली आहे: चाक चारशे वेळा फिरले की एक मैल झाला आणि एक खडा भांड्यात पडला. त्याही गाडीला वेगळ्या मापाचे चाक लावले असते तर खड्यांचा हिशेब चुकलाच असता. दोन हजार वर्षांत ही अडचण तशीच राहिली आहे.

या दोन यंत्रांच्या फरकात निदानाची गुरुकिल्ली आहे. चुंबक वर्षानुवर्षांच्या वापराने क्षीण होतो, स्प्रिंग थकते, तेलकट धूळ बसते. त्यामुळे काटा चुकू शकतो. ओडोमीटर अशा कारणांनी चुकत नाही. दाते झिजून तुटले तर तो बंद पडेल, पण चालतो आहे तोवर केबलच्या फेऱ्या तो बिनचूक मोजतो. तेव्हा मीटर चुकतो आहे अशी शंका आली की आधी ओडोमीटर तपासायचा. काटा आणि ओडोमीटर दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकत असतील तर दोष डब्याबाहेर आहे: टायर, क्राउन किंवा केबल फिरवणारा गिअर. ओडोमीटर बरोबर आणि फक्त काटा चुकतो, तर दोष डब्यात आहे. दोन्ही चुकतात पण वेगवेगळ्या प्रमाणात, तर दोष दोन्हीकडे आहे. आधी बाहेरचा काढायचा, मग आतला. हा क्रम उलटा करणाऱ्या माणसाचे पैसे जातात. तो काट्याच्या स्प्रिंगशी खेळून साठला साठ जुळवतो, आणि ओडोमीटर तसाच चुकत राहतो.

ओडोमीटर चुकल्याने काय बिघडते, असे विचारणारे भेटतात. वडापवाल्याला किंवा ट्रेकच्या पोरांना किलोमीटरमागे भाड्याने नेणाऱ्याला हे विचारू नये. त्याचे सरळ नुकसान होते. घरच्या जीपचे उदाहरण घ्या. दहा लिटर डिझेलमध्ये गाडी 137 किलोमीटर गेली आणि मीटरने 100 दाखवले, तर मालक म्हणतो दहाचे अ‍ॅव्हरेज, पंप खराब झालाय. प्रत्यक्षात अ‍ॅव्हरेज 13.7 आहे आणि पंपाला काहीही झालेले नाही. मीटरवर 5,000 झाले की ऑइल बदलायचे असे ठरवले असेल, तर ऑइल 6,850 वर बदलले जाते. इंजिन त्याची किंमत नंतर वसूल करते.

केबल कुठून फिरते हे गाडीगणिक वेगळे असते आणि नेमका काय बदल मीटरला लागतो ते त्यावरच ठरते. विलिस घराण्याच्या जीपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असतो, त्यातून मागच्या शाफ्टकडे जाणारा दांडा निघतो. हँडब्रेकच्या ड्रमच्या पुढे, त्या दांड्यावर एक वर्म बसवलेला असतो आणि त्याला आडवा लागून एक छोटा दातेरी गिअर असतो. त्या छोट्या गिअरमध्ये केबलचे टोक अडकते. म्हणजे मीटर हिशेब धरतो तो ट्रान्सफर केसमधून बाहेर पडलेल्या शाफ्टचा.

यावरून तीन गोष्टी निघतात. मढे घाटाकडच्या चिखलात लो गिअर टाकला तरी मीटर चुकत नाही, कारण लो-हायची अदलाबदल वर्मच्या आधी होते. जुना तीन गिअरचा बॉक्स काढून पाच गिअरचा बसवला, पण ट्रान्सफर केस तोच ठेवला, तरी मीटर चुकत नाही. आणि क्राउन-पिनियन बदलला की मीटर हमखास चुकतो, कारण तो वर्मच्या नंतर येतो आणि मीटरला त्याची काही खबरच नसते.

इतर गाड्यांचे थोडक्यात. फियाट, पद्मिनीसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत केबल गिअरबॉक्सच्या शेपटाकडून निघते. तिथे दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स बसवला तर त्याच्यासोबत त्याचा वर्मही येतो आणि हिशेब पुन्हा मांडावा लागतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत केबल बहुधा डिफरन्शियलवरून फिरते, म्हणून तिथे टायरचाच काय तो विचार करायचा. जुन्या चेतक स्कूटरला किंवा बुलेटला केबल पुढच्या चाकातूनच येते. चेन-स्प्रॉकेट काहीही बदला, मीटर हलत नाही, पुढचा टायर बदलला तरच हलतो.

आता हिशेब. कंपनीने छापलेल्या मापावरून टायरचा व्यास काढून त्याला पायने गुणणे हा कागदी मार्ग झाला. वजनाखाली टायर खालून दबतो, त्यामुळे खरा घेर त्यापेक्षा कमी भरतो. क्रॉस-प्लाय आणि रेडियल यांचे दबणे वेगळे, हवा कमी-जास्त असली तरी फरक. म्हणून घेर मोजायचा तो गाडी जमिनीवर असताना. टायरमध्ये नेहमीची हवा भरा, नेहमी बसतात तितकी माणसे बसवा, टायरच्या बाजूला आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीवर खडूची खूण करा, गाडी सरळ ढकलत चाकाच्या पाच फेऱ्या होऊ द्या, पुन्हा जमिनीवर खूण करा आणि टेपने अंतर मोजून पाचने भागा.

धरून चालू की जुन्या 6.00-16 ला घेर 2.20 मीटर भरला आणि नव्या 7.00-16 ला 2.36 मीटर. टायरमुळे प्रत्यक्ष वेग मीटरच्या 2.36 भागिले 2.20, म्हणजे सुमारे 1.07 पट झाला. क्राउन 5.38 चा 4.27 केला, त्यामुळे 5.38 भागिले 4.27, म्हणजे 1.26 पट. दोन्ही एकाच दिशेने चुकवतात, त्यामुळे गुणाकार करायचा: 1.35. मीटर 40 दाखवेल तेव्हा गाडी 54 ने चाललेली असेल, 50 दाखवेल तेव्हा साडेसदुसष्टने. लोक टायरची काळजी करतात. खरी मोठी चूक क्राउनची असते.

याच आकड्यांतून आणखी एक उपयोगी गोष्ट मिळते. मूळ गाडीचे चाक किलोमीटरला सुमारे 454 फेऱ्या करते, शाफ्ट 2,445. साठच्या वेगाने एक किलोमीटरला एक मिनिट लागते, म्हणून टॉप गिअरमध्ये साठला इंजिनही मिनिटाला 2,445 फेऱ्याच करते. बदलानंतर हा आकडा 1,809 वर येतो. लोक क्राउन का बदलतात ते या दोन आकड्यांतून कळते.

पुढचा प्रश्न: मीटरला किती फेऱ्या हव्या आहेत? अमेरिकी वळणाच्या जुन्या मीटरांना मैलाला 1,000 फेऱ्या लागत. किलोमीटरला त्या सुमारे 621 होतात. ब्रिटिश स्मिथ्सच्या मीटरवर डायलच्या तळाशी बारीक अक्षरात मैलाला किती फेऱ्या तो आकडा छापलेला असतो. जर्मन व्हीडीओच्या डायलवर डब्ल्यू अक्षरापुढे दर मीटर अंतराला किती फेऱ्या ते असते. आधी भिंग घेऊन डायल वाचावा. अंतराचे माप मैल की किलोमीटर तेही तिथेच पाहावे. आपल्याकडे मापे-वजनांचा मेट्रिक कायदा 1956 चा, आणि तो 1962 पर्यंत टप्प्याटप्प्याने लागू झाला. त्याआधीच्या जीपचा डायल मैलांचाच असतो. मैलांच्या मीटरवरचा 50 म्हणजे ताशी 80 किलोमीटर, हे नव्या चालकाच्या लक्षात राहत नाही.

डायलवर काही छापलेले नसेल तर रस्त्यावर मोजायचे. मीटरला किती फेऱ्या हव्यात ते कळले तरी केबल प्रत्यक्षात किलोमीटरला किती फिरते ते वेगळे शोधावे लागते; त्याची एक सुंदर रीत आहे आणि तिला शाळेचे पटांगण पुरते. मीटरमागची केबल सोडा. आतल्या तारेचे चौकोनी टोक बाहेर दिसेल; त्याला कागदाची एक छोटी पताका चिकटवा. टेपने वीस मीटर मोजून दोन्ही टोकांना खडूने रेघ ओढा. गिअर न्यूट्रलला. पुढच्या चाकाचा मध्य पहिल्या रेघेवर आणा. दोघे-तिघे जीप हळू ढकलतील आणि एकजण खाली वाकून फक्त पताकेवर नजर ठेवेल. पताका फिरते, थरथरते, पुन्हा वर येते: एक. असे मोजत दुसऱ्या रेघेपर्यंत जायचे; शेवटची फेरी अर्धवट राहिली तर तिचा अंश डोळ्यांनी अंदाजायचा. वीस मीटरला 9 फेऱ्या आणि थोडी भर आली, तर पन्नासने गुणून किलोमीटरला सुमारे 452. मीटरला हव्यात 621. भागाकार केला: 1.37.

जॅकवर एकच मागचे चाक उचलून हे मोजू नये. एक चाक जमिनीवर धरलेले आणि दुसरे हाताने फिरवलेले असले की डिफरन्शियलमुळे शाफ्ट निम्माच फिरतो आणि सगळा हिशेब निम्म्याने चुकतो. दोन्ही चाकांनी जमिनीवरूनच चालले पाहिजे.

कागदावर 1.35 आले होते, पटांगणात 1.37 आले. फरक कुठला? मूळ गाडीतच होता. समजा दांड्यावरचा वर्म चार आट्यांचा आणि छोटा गिअर सोळा दात्यांचा आहे. केबल शाफ्टच्या एक चतुर्थांश फिरते: 2,445 ला 611. मीटरला हव्या होत्या 621. कारखान्यातून निघतानाच मीटर दोनेक टक्के कमी दाखवत होता, कारण अर्धा दाता कापता येत नाही. म्हणून गुणाकार-भागाकार अंदाजासाठी करावेत, निर्णय मोजून घ्यावा.

आणि ही मोजणी रस्त्यावर एकदा पडताळावी. भोर-वेल्ह्याकडच्या माणसाला यासाठी जागा शोधावी लागत नाही. कापूरहोळ ते चेलाडी हा हायवेचा भाग, पहाटे, रहदारी वाढायच्या आत. किलोमीटरचे दगड आहेतच; राष्ट्रीय महामार्गाचा दगड पिवळ्या डोक्याचा, राज्य महामार्गाचा हिरव्या. रस्ता रुंद करताना दगड हलतात, म्हणून एका किलोमीटरवर विश्वास ठेवू नये. जितके लांब अंतर सलग मिळेल तितके घ्यावे. सोबत बसलेल्याने फोनवर जीपीएस लावून दुसरी नोंद ठेवावी. चालवणाऱ्याने फोनला हात लावू नये.

पाबे घाटात किंवा वरंध घाटात हे मोजायला जाऊ नये. फोन ठरावीक अंतराने एक बिंदू नोंदतो आणि दोन बिंदू सरळ रेषेने जोडतो. घाटातली आवळलेली वळणे त्यामुळे कापली जातात आणि अंतर कमी भरते. डोंगराच्या कुशीत निम्मे आकाश झाकलेले असते, उपग्रह कमी दिसतात. चढाची मात्र काळजी नको. जीपीएस आडवे अंतर मोजतो हे खरे, पण दहा मीटरला एक मीटर असा खडा चढ धरला तरी फरक अर्ध्या टक्क्याचा.

फोन नसेल तर घड्याळ पुरते. काटा 40 वर स्थिर धरा आणि दगड ते दगड किती सेकंद लागले ते पाहा. खरोखर 40 चा वेग असेल तर 90 सेकंद लागतील. 65 सेकंद लागले, तर 3,600 भागिले 65: वेग 55 आहे.

आता दुरुस्ती. पहिला मार्ग म्हणजे ट्रान्सफर केसमधला तो छोटा गिअर बदलणे. त्याला कमी दाते असले की केबल जास्त फिरते. आपल्या उदाहरणात 621 गाठण्यासाठी सोळाच्या जागी बाराचा गिअर लावला तर 603 येतात, तीन टक्के कमी. अकराचा लावला तर 658, सहा टक्के जास्त. नेमका आकडा कुठेच बसत नाही. शिवाय इतके कमी दाते असलेला गिअर त्या वर्मला नीट लागेलच असे नाही; दाते कमी झाले की व्यास घटतो आणि जागेवर पकड सैल होते. फक्त टायर बदलला असेल, एखाद-दुसऱ्या दात्याचा प्रश्न असेल, तर हाच मार्ग उत्तम आणि स्वस्त.

कमी दाखवणारा मीटर घ्यावा की जास्त दाखवणारा, अशी वेळ आली तर माझे मत ठाम आहे: जास्त दाखवणारा. संयुक्त राष्ट्रांचा 39 क्रमांकाचा वाहन नियम युरोपासह बऱ्याच देशांत पाळला जातो. त्यानुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये. जास्त दाखवले तर दहा टक्के अधिक ताशी चार किलोमीटरपर्यंत चालते. आपल्या 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 117 वा नियम दोन्ही बाजूंना दहा टक्के सूट देतो. पण जुन्या ब्रेकच्या गाडीला त्यातली खालची बाजू वापरू नये.

दुसरा मार्ग क्राउन बदललेल्या जीपला लागू पडतो: केबल आणि ट्रान्सफर केस यांच्यामध्ये बसणारी छोटी गुणोत्तर-डबी. आत जोडीने दातेरी चाके असतात आणि मूठभर आकाराच्या त्या डबीच्या दोन्ही टोकांना आटे असतात. एक टोक ट्रान्सफर केसला, दुसऱ्यात केबल. 22 दात्यांच्या चाकाने 16 दात्यांचे चाक फिरवले की 1.375 मिळते. आपल्याला हवे होते 1.37. पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांतून चौकशी केली की मीटर दुरुस्तीचे कारागीर सापडतात. त्यांच्यापुढे ‘मीटर कमी दाखवतो’ एवढेच म्हणून उभे राहू नये. ‘किलोमीटरला 452 येतात, 621 हवेत’ असे लिहिलेला कागद ठेवावा. चांगल्या कारागिराचा चेहरा तो कागद पाहून बदलतो.

एक गोष्ट मात्र डबी हातात घेऊन तपासावी. दोनच चाकांची जोडी असेल तर फिरण्याची दिशा उलटते. मग काटा शून्याच्या खिळ्यावर दाबून बसतो आणि रनिंग मागे जायला लागते. दिशा कायम राहायला मध्ये तिसरे चाक किंवा चाकांच्या दोन जोड्या लागतात. एका टोकाला खिळा घालून हाताने फिरवा. दुसरे टोक त्याच बाजूला फिरले पाहिजे.

बाहेरचे गुणोत्तर जुळले, ओडोमीटर दहा किलोमीटरला दहा दाखवू लागला, आणि तरीही काटा चुकत असेल, तरच डबा उघडायचा. इथे एक सोपे सूत्र हाताशी असावे: किलोमीटरला जितक्या फेऱ्या, मिनिटाला तितक्याच फेऱ्यांना साठचा वेग. म्हणजे 621 फेऱ्यांच्या मीटरला वेग बदलता येणाऱ्या ड्रिलने मिनिटाला 621 फेऱ्या दिल्या की काटा 60 वर यायला हवा. ड्रिलची दिशा आधी पाहून घ्यावी. काटा सगळीकडे सारख्या प्रमाणात कमी येत असेल तर चुंबक क्षीण झाला आहे, त्याला पुन्हा भारित करावे लागते. सगळीकडे सारख्याच किलोमीटरांनी पुढे किंवा मागे असेल तर काटा दांड्यावर सरकून बसला आहे. चुंबक भारित करणे आणि स्प्रिंग जुळवणे ही मीटर कारागिराची कामे. घरी चिमटा घेऊन बसलेल्याने ती वाटी वाकवली की दुसरा मीटर शोधावा लागतो, आणि मूळ डायलचा मीटर आता सहज मिळत नाही.

काटा चुकत नाही पण थरथरतो, उड्या मारतो, ही तक्रार वेगळी. तिचे कारण बहुतेक वेळा केबल. वेल्ह्याच्या पावसात चिखलपाणी वेष्टणात शिरते, आतली तार गंजते, अडखळत फिरते. केबल बाहेर काढून रॉकेलने धुवावी, वाळवावी, हलके ग्रीस लावावे, पण वरचे चार बोटे टोक कोरडे ठेवावे. ग्रीस वर चढून वाटीवर गेले की काटा चिकटतो. केबलला कुठे आवळलेले वळण असेल तर क्लिप सैल करून ते मोठे करावे. तारेच्या बाजूने तेल वर येत असेल तर ट्रान्सफर केसकडचे सील गेले आहे.

जुने रनिंग बदलू नये. गुणोत्तर-डबी ज्या दिवशी बसली ती तारीख, त्या दिवशीचे मीटरचे रीडिंग, टायरचे माप, मोजलेला घेर, क्राउनचे गुणोत्तर आणि डबीचे गुणोत्तर असे सहा आकडे वहीत लिहून वही गाडीच्या कागदांसोबत ठेवावी. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाड्यांसाठी 2021 मध्ये व्हिंटेज नोंदणीची तरतूद झाली. तिच्यात चासी, बॉडी किंवा इंजिन फारसे बदललेले चालत नाही. शिवाय गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांना 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम लागू होते. तेव्हा क्राउन आणि टायर बदलण्याआधीच आरटीओत विचारून घ्यावे, आणि काढलेले मूळ भाग भंगारात न देता तेल लावून पोत्यात बांधून ठेवावेत.

बटण टायरची नक्षी नवेपणी सव्वा-दीड सेंटिमीटर खोल असते. ती गोटा होईपर्यंत टायरची त्रिज्या सेंटिमीटरभराने घटते, म्हणजे तीनेक टक्क्यांनी. तेवढ्याने मीटर पुन्हा थोडा जास्त दाखवू लागतो. नव्या टायरवर मीटर नेमका जुळवलेला असेल तर झिजेने होणारी चूक सुरक्षित बाजूलाच जाते. अर्ध्या झिजलेल्या टायरवर जुळवला असेल तर पुढचा नवा जोड घातल्यावर तो कमी दाखवेल. म्हणून जुळवणीचे काम नवे टायर घातल्याच्या आठवड्यात करावे.